ग्लूवाइन, ७८ अंश आणि घरचा वजनकाटा



जर्मनीत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला तिथल्या डिसेंबरबद्दल विचारा. ख्रिसमसच्या बाजाराचं नाव निघतं, आणि त्या पाठोपाठ ग्लूवाइनचं. ड्रेस्डेन शहरातला असा बाजार १४३४ पासून भरतो. थंडीत कुडकुडत उभं राहायचं, हातात गरम मग धरायचा, आणि त्यात दालचिनी-लवंगेचा वास येणारी गरम लाल वाइन. ‘ग्लूएन’ या जर्मन क्रियापदाचा अर्थ तापून लाल होणं, निखाऱ्यासारखं धगधगणं. त्यावरून ग्लूवाइन.

आता तुम्ही म्हणाल, संशोधनाच्या लेखात हे काय मध्येच? धाराशिव जिल्ह्यात बसून आपल्याला याचं काय? तर कारण सांगते. ग्लूवाइनच्या जवळजवळ प्रत्येक पाककृतीत एक वाक्य हमखास असतं: ‘उकळू देऊ नका, अल्कोहोल ७८ अंशांना उडून जातं.’ आणि तीच ग्लूवाइन घरी केली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अगं, तापवलीये ना, मग सगळी दारू उडाली. पोरांना दे घोटभर, काही होत नाही.’

दोन्ही वाक्यं एकाच आकड्यावर उभी आहेत. पहिल्या वाक्याला अल्कोहोल टिकवायचंय, दुसऱ्याला ते गेलंय असं मानायचंय, आणि साक्षीला दोघंही ७८ लाच बोलावतात. हा आकडा खोटा नाही. पण तो ज्या अटींवर खरा आहे, त्या अटी वाटेत कुठेतरी गळून पडल्यात. पेट पास होऊन आरआरसीसमोर जायच्या तयारीत असणाऱ्यांना हा अनुभव रोज येणार आहे: आकडा प्रसिद्ध, अटी गायब. म्हणून आज हा एक आकडा नीट उलगडून बघू. लागणारं उपकरण एकच, स्वयंपाकघरातला वजनकाटा.

आधी पदार्थ काय आहे ते

संशोधनात पहिलं काम व्याख्येचं. ग्लूवाइन म्हणजे काय, हे युरोपीय संघाने २०१४ च्या एका नियमात लिहून ठेवलंय. ती फक्त लाल किंवा पांढऱ्या वाइनपासून केलेली असावी, चव मुख्यतः दालचिनी किंवा लवंग किंवा दोन्हींची असावी, आणि अल्कोहोल आकारमानाने किमान ७ टक्के असावं. विकायच्या ग्लूवाइनमध्ये वरून पाणी घालायची परवानगी नाही. घरी मात्र कुणी थोडं पाणी घालतं, कुणी संत्र्याचा रस.

हा ७ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. साधी कोरडी लाल वाइन साधारण १२ ते १४ टक्क्यांची असते. म्हणजे कायद्याने काही प्रमाणात घट गृहीत धरलीये, पण एक तळही आखून दिलाय. त्याच्या खाली गेलं की ते पेय ग्लूवाइन म्हणून विकता येत नाही. ‘तापवली की सगळी दारू उडते’ हे खरं असतं, तर बाजारातल्या एकाही गरम मगाला ग्लूवाइन म्हणता आलं नसतं. नुसती व्याख्या नीट वाचली तरी दुसऱ्या वाक्याबद्दल शंका यायला हवी, ती अशी.

७८ हा आकडा कशाचा?

७८ अंश सेल्सिअस (नेमकं म्हणायचं तर ७८.४ च्या जवळपास) हा शुद्ध इथेनॉलचा उत्कलनबिंदू आहे, तोही समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. वाक्यात दोन अटी आहेत: ‘शुद्ध’ आणि ‘समुद्रसपाटी’. आपल्या पातेल्यात यातली एकही पाळली जात नाही.

पहिली अट. वाइन हे पाणी आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. मिश्रणात दोघं आपापल्या आकड्याला वेगवेगळे उकळत नाहीत. म्हणजे ७८ ला अल्कोहोलची पाळी, ते संपलं की १०० ला पाण्याची पाळी, असं रेशनच्या रांगेसारखं चालत नाही. पूर्ण मिश्रणाचा मिळून एक उत्कलनबिंदू असतो आणि तो प्रमाणावर ठरतो. १२ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी समुद्रसपाटीला ९२ अंशांच्या आसपास उकळतं. ७८ ला त्या पातेल्यात बुडबुडेसुद्धा नीट येत नाहीत.

दुसरी अट. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे, बालाघाटाच्या डोंगररांगेत. इथे हवेचा दाब कमी, म्हणून साधं पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. वाइनचा आकडाही तसाच दोनेक अंशांनी खाली येतो. फरक मोठा नाही, पण ‘पाणी १०० ला उकळतं’ हे पाठ केलेलं वाक्य आपल्या स्वतःच्या गावात जसंच्या तसं खरं नाही, एवढं तरी कळतं.

आता आणखी खोल जाऊ. ‘७८ च्या खाली ठेवलं की अल्कोहोल उडत नाही’ हेही बरोबर नाही. दोरीवरचे कपडे आठवा. पाणी ९८ ला उकळतं म्हणून ३० अंशांच्या उन्हात कपडे वाळायचे थांबतात का? हातावर सॅनिटायझर घेतलं तर ते अर्ध्या मिनिटात सुकतं, आणि आपला तळहात काही ७८ अंशांना तापलेला नसतो. उकळणं वेगळं आणि बाष्पीभवन वेगळं. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला, पृष्ठभागावरून चालू असतं. तापमान वाढलं की वेग वाढतो. उत्कलनबिंदू ही दाराची कडी नाही, की तिथपर्यंत दार बंद आणि पुढे सताड उघडं.

वाफेत असतं काय?

१२ टक्क्यांची वाइन उकळू लागली की तिच्यातून पहिल्यांदा निघणाऱ्या वाफेत काय असतं? रसायनशास्त्राच्या पुस्तकात पाणी-इथेनॉल मिश्रणाच्या समतोलाचे तक्ते असतात. त्यातून हिशेब केला तर उत्तर येतं: वजनाने साधारण निम्मं अल्कोहोल आणि निम्मं पाणी. मूळ द्रवात अल्कोहोल वजनाने १० टक्क्यांच्या आत होतं, वाफेत ते ५० च्या घरात गेलं. म्हणजे अल्कोहोल पाण्यापेक्षा बरंच घाईने निघतं, हे खरं. पण ते एकटं कधीच निघत नाही. प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलबरोबर साधारण एक ग्रॅम पाणीही जातं. आणि जसजसं द्रवातलं अल्कोहोल कमी होतं, तसतसा वाफेतला पाण्याचा वाटा वाढत जातो. शेवटचं थोडं अल्कोहोल काढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

याच तक्त्यांवरून पुढचं गणित कागदावर मांडता येतं. ७५० मिलीची बाटली पातेल्यात उकळत ठेवली, तर द्रवाचा दहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग वाफ होऊन गेल्यावर अल्कोहोल निम्म्यावर येतं. निम्म्यावर, शून्यावर नाही. १२ टक्क्यांची वाइन तेव्हा साडेसहा-सात टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे बरोबर त्या कायद्याच्या तळापाशी.

प्रत्यक्ष स्वयंपाकात काय होतं, तेही मोजलं गेलंय. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाइन किंवा इतर मद्य घालून केलेले निरनिराळे पदार्थ तपासले होते. शिजवून झाल्यावर मूळ अल्कोहोलपैकी ४ ते ८५ टक्के शिल्लक सापडलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आकडे बघा: उकळत्या पदार्थात घालून लगेच आचेवरून उतरवलं तर ८५ टक्के शिल्लक, ढवळून १५ मिनिटं मंद शिजवलं तर ४०, एक तास शिजवलं तर २५, आणि अडीच तास शिजवल्यावर ५ टक्के. अडीच तासांनीसुद्धा शून्य नाही.

इथे मोह आवरा. ‘१५ मिनिटांना ४० टक्के’ हा आकडा उचलून ग्लूवाइनला लावू नका. तो मंद उकळत्या पदार्थाचा आहे, आणि आपण तर उकळणारच नाही. पातेल्याचं तोंड किती रुंद, झाकण होतं की नव्हतं, आच किती, यावर तो बदलतो. ७८ च्या बाबतीत जे झालं तेच ४० च्या बाबतीत करायला नको.

वजनकाटा काय सांगू शकतो?

मग आपल्या पातेल्यात किती उरलं, हे घरी कसं कळणार? पहिला विचार येतो तो हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या नळीचा. पण ती नळी अल्कोहोल मोजत नाही, घनता मोजते. अल्कोहोलने घनता कमी होते आणि साखरेने वाढते. ग्लूवाइनमध्ये दोन्ही आहेत. त्यामुळे गोड द्रवात ती नळी अल्कोहोल कमी दाखवते, आणि आपण खुशाल लिहून टाकतो, ‘बघा, उडालं!’ उपकरण नेमकं काय मोजतं हे माहीत नसेल, तर ते आपल्याला हवं तेच उत्तर देतं. प्रयोगशाळेत आधी नमुन्याचं ऊर्ध्वपातन करतात आणि जमा झालेल्या द्रवाची घनता मोजतात. ते घरी करायचं नाही. ते कायद्यातही बसत नाही आणि सुरक्षितही नाही.

आता काट्याकडे या. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा डिजिटल काटा. तो अल्कोहोल ओळखत नाही. त्याला फक्त वजन कळतं. तरीही ‘सगळं उडालं’ या दाव्याची परीक्षा तो घेऊ शकतो. कशी ते बघा.

७५० मिली वाइन, १२ टक्के. म्हणजे अल्कोहोल ९० मिली. इथेनॉलची घनता ०.७९, म्हणून वजन साधारण ७१ ग्रॅम. आता वाइन तापवण्याआधी पातेलं, मसाले, झाकण, सगळ्यासकट वजन करा. तापवून झाल्यावर पुन्हा तसंच सगळ्यासकट करा. सगळं अल्कोहोल उडालं असेल, तर वजन किमान ७१ ग्रॅमने घटलं पाहिजे. त्यातून सुटका नाही. पाणी अजिबात गेलं नाही असं अशक्य गृहीत धरलं, तरी ७१. वजन त्याहून कमी घटलं, तर दावा पडला. ना प्रयोगशाळा लागली, ना महागडं यंत्र.

समजा घट आली २५ ग्रॅम. गेलेली सगळी वाफ अल्कोहोलचीच होती असं दाव्याच्या बाजूने जास्तीत जास्त उदार होऊन मानलं, तरी ७१ पैकी २५ गेले. म्हणजे किमान ६५ टक्के अल्कोहोल अजून पातेल्यात आहे. वाफेत पाणीही असतं, म्हणून खरा शिल्लक आकडा याहून मोठाच असणार.

याला म्हणतात मर्यादा काढणं. आपल्याला नेमका आकडा मिळाला नाही, पण ‘याच्या खाली असूच शकत नाही’ अशी रेघ मिळाली. संशोधनाची सुरुवात करताना बरेच जण म्हणतात, ‘आमच्या कॉलेजात ते उपकरण नाही, म्हणून हा विषय घेता येणार नाही.’ कधीकधी ते खरं असतं. पण आधी स्वतःला विचारा: मला नेमकी किंमत हवी आहे, की एखादं विधान टिकतं का एवढंच बघायचंय? दुसऱ्या कामाला अनेकदा साधं उपकरण पुरतं, गणित प्रामाणिक असलं म्हणजे झालं.

उलट दिशेचीही काळजी घ्या. समजा वजन ८० ग्रॅमने घटलं. मग ‘७१ च्या वर गेलं, म्हणजे सगळं उडालं’ असं म्हणता येईल? नाही. वर बघितलं तसं, निम्मी वाफ पाण्याची असते. ८० ग्रॅम गेल्यावर अल्कोहोल निम्म्याच्या आसपासच कमी झालेलं असतं. ७१ ग्रॅमची घट ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. व्हायवात परीक्षक जिथे हमखास अडवतात, ती हीच जागा.

मग उकळायची का नाही?

इथे एक गंमत आहे. पाककृतीतला सल्ला बरोबरच आहे. त्याच्यामागचं सांगितलेलं कारण अपुरं आहे. अशी जोडी संशोधनात वारंवार भेटते, म्हणून कारण चुकलं की सल्लाही फेकून द्यायचा नाही.

खरं कारण मुख्यतः वासाचं आहे. दालचिनीचा वास सिनॅमाल्डिहाइडचा, लवंगेचा युजेनॉलचा, संत्र्याच्या सालीचा लिमोनिनचा. यांचे उत्कलनबिंदू बघा: सिनॅमाल्डिहाइड आणि युजेनॉल २५० अंशांच्या आसपास, संत्र्याचं तेल १७६. उत्कलनबिंदूचाच नियम लावला तर पातेल्यातून यातलं काहीच उडायला नको. पण चहात दालचिनी टाकली की वास बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. कारण पाण्याची वाफ यांना आपल्यासोबत घेऊन जाते. निलगिरीचं तेल काढतात ते याच तत्त्वावर. खळखळ उकळणारं उघडं पातेलं म्हणजे वास काढून घेणारा कारखानाच. फक्त निघालेला वास आपल्या मगात न येता घरभर फिरतो. वाइनचे स्वतःचे फळासारखे वास तर याहून हलके, ते आधी जातात. मागे राहतो आंबटपणा आणि तुरटपणा. शिवाय संत्र्याच्या सालीखालचा पांढरा भाग आणि मसाल्यांचं लाकूड जास्त उकळलं की कडवटपणा उतरतो.

‘पण आपण काढा उकळतोच की!’ बरोबर. आयुर्वेदातल्या क्वाथाची एक रीत तर एक भाग औषधी, सोळा भाग पाणी, आणि एक अष्टमांश उरेपर्यंत आटवणं अशी आहे. तिथे उद्देश वेगळा: कठीण मुळं-सालींमधलं पाण्यात विरघळणारं जे आहे ते बाहेर काढायचं, वास टिकवायचा नाही. क्वाथ आणि ग्लूवाइन दोन्हींत मसाला आणि आच आहे, म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लागू होत नाही.

यातून घरच्या कृतीची अडचणही स्पष्ट होते. मसाल्याला आच हवी, वाइनला नको. दोघांना एकाच पातेल्यात एकाच वेळी खूश करता येत नाही. मग वेळ वेगळी करायची.

घरची कृती

साहित्य: ७५० मिली कोरडी लाल वाइन, एक संत्रं, दालचिनीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे, चार-पाच लवंगा, ६० ते ८० ग्रॅम साखर, पाऊण कप पाणी. आवडत असेल तर एक चक्रफूल. नाशिककडची शिराज किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों चालते. भारी बाटली नको. मसाल्यापुढे तिचे बारकावे दिसणार नाहीत.

पहिला टप्पा: संत्र्याची फक्त केशरी साल पातळ सोला, पांढरा भाग येऊ देऊ नका. पाणी, साखर, दालचिनी आणि लवंगा झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. मसाल्याची कडक आच इथेच उरकते.

दुसरा टप्पा: गॅस बारीक करा, साल आणि संत्र्याचा रस घाला, मग वाइन ओता. कडेला बारीक वाफ दिसू लागली, बुडबुडे अजून आले नाहीत, की साधारण ७० अंश झालेत. थर्मामीटर असेल तर उत्तम. गॅस बंद करा. झाकण ठेवून वीस मिनिटं मुरू द्या, गाळा, गरम प्या. अल्कोहोलची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून मोठ्या आचेवर उघडं पातेलं ठेवून कुठे जाऊ नका.

प्रयोग करायचा असेल तर पाक निवल्यावर वाइन घाला, आणि वाइन घातल्यानंतरच पहिलं वजन घ्या. एरवी पाक उकळतानाचं गेलेलं पाणी घटीत मिसळेल. काट्यावर गरम पातेलं थेट ठेवू नका, खाली लाकडी पाट ठेवा आणि पाटाचं वजन वजा करा. झाकणाला लागलेले थेंब पुसू नका, तीही वाइनच आहे. तीन वेळा करा: एकदा झाकण ठेवून ७० अंशांना, एकदा तेवढाच वेळ झाकणाशिवाय, एकदा उघडं उकळून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर आच आणि झाकण दोन्ही बदलून ‘उकळल्याने घट झाली’ असं लिहाल, आणि श्रेय कुणाचं तेच कळणार नाही.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे, परवान्याचे आणि वयाचे नियम आहेत. ही कृती अधिकृत दुकानातून घेतलेली वाइन गरम करण्याची आहे. घरी द्राक्षं आंबवून वाइन करण्याची नाही.

आणि ज्यांना प्यायची नाही त्यांचं काय? जर्मनीच्या त्याच बाजारात मुलांसाठी वेगळं पातेलं असतं, त्याला किंडरपुंश म्हणतात: फळांचा रस आणि तेच मसाले. आपल्या जिल्ह्यातही द्राक्षबागा आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी द्राक्षं आली की ती कुस्करून, गाळून, त्याच दिवशी त्याच कृतीने करता येतं. साखर मात्र घालू नका, लिंबू पिळा. काट्यावरचा प्रयोग याच्यावरही करा. रसात अल्कोहोल नाही, म्हणजे घटलेलं सगळं वजन पाण्याचं. तेवढ्याच आचेवर, तेवढ्याच वेळात वाइनची घट किती जास्त येते, ही तुलना फार बोलकी असते. संशोधनाच्या भाषेत तुमचा तुलनेचा गट तयार झाला.

तेरचा धागा

मसाले घातलेली वाइन ही काही जर्मनीची एकट्याची कल्पना नाही. रोमन लोक ‘कॉन्डिटम’ नावाची मसालेदार वाइन करत. एपिसियसच्या नावाने चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या पाकग्रंथात तिची कृती आहे, आणि तिच्यातला मुख्य मसाला म्हणजे मिरी, जी आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून जायची. कृतीची रचना बघा: दोन माप वाइन मधाबरोबर तापवायची, त्यात मसाले घालायचे, आणि उरलेली अठरा माप वाइन शेवटी वरून ओतायची. बहुतेक सगळी वाइन आचेपासून दूर. आपण वर केलेली वेळेची विभागणी त्यांनीही केली होती.

आणि आपला जिल्हा त्या व्यापाराच्या नकाशावर होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर सांगितलंय. ते तगर म्हणजे तेरणाकाठचं तेर, संत गोरोबाकाकांचं गाव. तगरहून कापड भडोच बंदरात जायचं, आणि त्याच ग्रंथात भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची वाइन आहे.

झालं! लगेच हात शिवशिवतात: ‘दोन हजार वर्षांपूर्वी तेरमध्ये रोमन वाइन पीत असत.’ वाक्य छान आहे, बातमीत शोभेल. पण पुरावा काय म्हणतो? तेरहून भडोचला कापड जायचं, आणि भडोचला वाइन यायची. भडोचहून तेरला वाइन आली, हे त्या दोन वाक्यांत कुठेही नाही. संभव आहे, एवढंच म्हणता येतं. हे काट्यासारखंच झालं: पुराव्याने किती अंतर कापलं तेवढंच लिहायचं.

हा नुसता काटेकोरपणाचा हट्ट नाही. भारतात ठिकठिकाणी सापडलेली, दोन कानांच्या रोमन मद्यकुंभांची म्हणून नोंदलेली खापरं पुरातत्त्वज्ञ रॉबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासली. त्यातली बरीचशी रोमन नव्हतीच, मेसोपोटेमियाकडच्या ‘टॉर्पेडो’ प्रकारच्या रांजणांची निघाली. आधीच्या नोंदी ज्यांनी न तपासता पुढे उद्धृत केल्या, त्या सगळ्यांचे नकाशे हलले.

यातून काय घ्यायचं

शेवटी एक छोटा हिशेब, कारण यात कुणाच्या तरी तब्येतीचा प्रश्न आहे. वरच्या कृतीत काहीही उडालं नाही असं मानलं, तर १५० मिलीच्या पेल्यात साधारण १२ ग्रॅम अल्कोहोल येतं. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये असतं जवळपास तेवढंच. झाकण ठेवून ७० अंशांवर केलेल्या ग्लूवाइनमध्ये यातलं बहुतेक सगळं शिल्लक असतं. लहान मूल, गरोदर बाई, अल्कोहोलबरोबर न चालणारी औषधं घेणारं माणूस, गाडी चालवून घरी जाणारा पाहुणा, यांच्यासाठी ‘तापवलीये’ हे उत्तर नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या पातेल्यातला किंडरपुंश आहे.

आणि तुमच्यासाठी एक काम. तुमच्या सिनॉप्सिसमधला किंवा वाचनातला, सगळेच जण उद्धृत करतात असा एक आकडा निवडा. कागदाचे तीन रकाने करा. पहिल्यात आकडा लिहा. दुसऱ्यात तो मूळ कुठे, कशावर, कोणत्या परिस्थितीत मोजला होता ते लिहा. त्यासाठी शेवटच्या नाही, पहिल्या लेखापर्यंत जावं लागेल. तिसऱ्यात लिहा की त्यातल्या किती अटी तुमच्या अभ्यासात लागू आहेत. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर तो आकडा सिनॉप्सिसमध्ये घालायची घाई करू नका. आणि तिसऱ्यात एखादी अट जुळत नसेल, तर तुमचा संशोधनप्रश्न कदाचित तिथेच बसलेला असेल.